उरलेल्या तीन गोळ्यांचा हिशेब

१ ऑगस्ट २०२२. इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथील व्हिक्टोरिया पार्क. बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत लॉन बोल्समधील महिला चौकडींची उपांत्य लढत चालू होती. पंधरापैकी चौदा एंड, म्हणजे चौदा फेऱ्या, संपल्या तेव्हा न्यूझीलंड १३, भारत १२. पंधरावा एंड संपला तेव्हा भारत १६, न्यूझीलंड १३.

त्या दिवशीच्या बातम्यांत ठळकपणे एकच गोष्ट आली : रूपा राणी तिर्की यांचा अखेरच्या एंडमधील अप्रतिम गोळा. तो अप्रतिम होताच. परंतु बारावरून सोळा म्हणजे एका एंडमध्ये चार गुण. या खेळात एका गोळ्याला एकच गुण असतो. मग उरलेले तीन कोठून आले? या धाग्यात त्या तिघांचा हिशेब मांडायचा आहे, आणि त्यासाठी सुमारे पाचशे वर्षे मागे जावे लागणार आहे.

आधी खेळ समजून घेऊ. सपाट हिरवळीवर एक लहान गोळी घरंगळत सोडतात. तिला जॅक म्हणतात. ती मॅटपासून निदान २३ मीटर अंतरावर थांबावी लागते. मग दोन्ही संघ आळीपाळीने सुमारे दीड किलो वजनाचे गोळे तिच्याजवळ नेण्याचा प्रयत्न करतात. चौघांच्या सामन्यात प्रत्येकाला दोन गोळे, म्हणजे एका एंडमध्ये एकूण सोळा. सर्व सोडून झाले की मोजणी. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षाही जॅकच्या जवळ असलेले आपले जितके गोळे, तितके आपले गुण. त्या एंडमध्ये दुसऱ्या संघाला शून्य. जॅकभोवती एकेक करून जमत जाणाऱ्या या गोळ्यांच्या मांडणीला ‘हेड’ म्हणतात. लहानपणी गोट्या खेळलेल्यांना यात ओळखीचे बरेच काही सापडेल. फरक एवढाच की हा गोळा सरळ जात नाही. त्याचा आकार एका बाजूला किंचित कमी-अधिक ठेवलेला असतो, त्यामुळे वेग मंदावताच तो त्या बाजूला वळतो. या गुणाला आपण ‘कल’ म्हणू.

या खेळाचा इतिहास सांगताना बहुतेक जण सर फ्रान्सिस ड्रेकपासून आरंभ करतात. १५८८ साली स्पॅनिश आरमार दिसल्याची वर्दी आली, ड्रेक प्लिमथ येथील होच्या माळावर गोळे खेळत होता, आणि डाव पुरा करूनच शत्रूकडे वळू असे तो शांतपणे म्हणाला, अशी ती कथा. कथा सुंदर आहे. पुरावा दुबळा आहे. १६२४च्या एका पत्रकात इंग्रज कप्तान त्या वेळी गोळे खेळत होते, इतकाच उल्लेख आहे. ड्रेकच्या तोंडचे उद्गार अठराव्या शतकात चिकटले. शिवाय वारा आणि भरती प्रतिकूल असताना जहाजे बंदराबाहेर काढताच येत नव्हती, तेव्हा थांबण्यात धैर्यापेक्षा नाइलाज अधिक असावा. मला या कथेत खटकते ते निराळेच. ती एका वीराची कथा आहे. लॉन बोल्सची खरी विद्या एका वीराची नाही.

ड्रेकच्या काळी ती विद्या जन्मालाही आली नव्हती, आणि तसे होण्याला कायदाही कारणीभूत होता. १५४१ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात एक अधिनियम झाला. लोकांनी धनुर्विद्येचा सराव सोडून असल्या खेळांत वेळ घालवू नये, हे त्यामागचे कारण. कारागीर, शेतकरी, मजूर, उमेदवार, नोकर, खलाशी, कोळी यांना नाताळाखेरीज एरवी गोळे खेळण्यास बंदी झाली. नाताळातही धन्याच्या घरी, त्याच्या देखत. ज्यांचे जमिनीचे वार्षिक उत्पन्न शंभर पौंड होते, त्यांना मात्र स्वतःच्या हिरवळीवर खेळण्याचा परवाना मिळू शके. ही बंदी कागदावर १८४५पर्यंत टिकली. लोक चोरून खेळतच होते. पण चोरून खेळल्या जाणाऱ्या खेळाला सर्वमान्य नियम कोठून येणार? प्रत्येक गावचे मैदान निराळे, प्रत्येक गोळ्याचा कल निराळा.

हेड ‘बांधणे’ म्हणजे पुढच्या खेळाडूचा गोळा कोठे जाऊ शकेल, याचा अंदाज धरून आजचा गोळा ठेवणे. मैदान उंचसखल असेल आणि गोळे मनमानी वळत असतील, तर असला अंदाज धरता येत नाही. नवल असे की याचा जिवंत पुरावा आजही उत्तर इंग्लंडमध्ये पाहता येतो. तेथील ‘क्राउन ग्रीन’ नावाच्या प्रकारात मैदान मध्यभागी उंचवट्याचे असते आणि जॅकलाही कल असतो. तो खेळ मुख्यतः एकास एक असा खेळतात, प्रत्येकी दोन गोळे. ब्लॅकपूलची सुप्रसिद्ध वॉटर्लू स्पर्धा १९०७पासून याच प्रकारची. त्यात कौशल्य विलक्षण आहे. परंतु चारच गोळ्यांत चौकडीच्या हेडची विद्या वाढायला वावच नाही.

ती वाढली स्कॉटलंडमध्ये. १८३० साली ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंगने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तोवर हिरवळ विळ्याने कापत किंवा मेंढ्या चारून राखत. आता एकसारखी, आखूड हिरवळ सामान्य क्लबालाही परवडू लागली. ग्लासगोसारख्या औद्योगिक शहरांत दुकानदार, कारकून, कारागीर संध्याकाळी तिच्यावर जमू लागले. १८४८ साली ग्लासगोत सुमारे दोनशे खेळाडूंची सभा भरली. राष्ट्रीय संघटना काही उभी राहिली नाही. ती यायला १८९२ उजाडले. परंतु त्या फसलेल्या सभेतून एक गोष्ट निष्पन्न झाली. विल्यम मिचेल नावाच्या गृहस्थाने नियमांची संहिता लिहिली, आणि १८४९ साली ती प्रसिद्ध झाली. आजच्या नियमांचा पाया तोच.

उरला गोळ्याचा कल. हे गोळे लिग्नम व्हिटी या लाकडाचे असत. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील हे लाकूड इतके जड की पाण्यात टाकले तर बुडते. ग्लासगोच्या थॉमस टेलर यांच्या कारखान्यात १८७१च्या सुमारास ठरावीक कलाचे गोळे यंत्रावर घडवण्याची आणि तो कल तपासण्याची पद्धत बसवण्यात आली. यानंतर दोन माणसांचे गोळे एकाच वळणाने जातील असा भरवसा धरता येऊ लागला, आणि त्या भरवशावर चौघांच्या संघातील श्रमविभागणी दृढ झाली. १९०३ साली इंग्लिश बोलिंग असोसिएशन स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस, होय, दाढीवाले, क्रिकेटचे तेच. उतारवयात ते या खेळात रमले आणि त्यात इंग्लंडचे कर्णधारही झाले.

आता त्या चौघांकडे वळू, कारण खरी मौज येथे आहे.

पहिला खेळाडू ‘लीड’. त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नसते. जॅक आपल्या संघाला सोयीच्या अंतरावर सोडायचा आणि दोन्ही गोळे त्याच्या निकट न्यायचे, एवढेच. मात्र एक पथ्य असते : चुकायचेच असेल तर थोडे पुढे जाऊन चुकावे, अलीकडे थांबून चुकू नये. अलीकडे थांबलेला गोळा आपल्याच सोबत्यांची वाट अडवतो. शिवाय जॅकला धक्का बसला की तो बहुधा मागे सरकतो, आणि मग पलीकडे गेलेला गोळा आपोआप जवळचा ठरतो. जॅकला स्पर्श करून थांबलेल्या गोळ्यावर खडूची खूण करतात. असा गोळा नंतर कडेच्या चरात पडला तरी जिवंत धरला जातो.

दुसऱ्या खेळाडूचे काम सर्वांत उपेक्षित. लीड चुकला असेल तर याने सावरायचे. लीडने दोन्ही गोळे जॅकला चिकटवले असतील तर? नवख्याला वाटते, तिसराही तेथेच नेऊन ठेवावा. अनुभवी स्किप नेमके उलट सांगतो. सगळे गोळे एका जागी दाटले, तर प्रतिस्पर्ध्याच्या एका जोरदार धडकेने सगळेच उधळतात. म्हणून तो दुसऱ्याला जॅकच्या मागे, हातभर किंवा त्याहूनही लांब, मोकळ्या गवतात एक गोळा ठेवायला लावतो. प्रेक्षक हळहळतात, गोळा वाया गेला म्हणून. त्या क्षणी त्याला गुणही मिळत नसतो. पण जॅक मागे ढकलला जाईल त्या वेळी तो जेथे थांबण्याची शक्यता आहे, तेथे आपले कोणी तरी आधीच उभे असते.

तिसरा खेळाडू स्किपचा उजवा हात. मोजमाप तो करतो. कोणाचा गोळा जवळचा, हे प्रतिस्पर्ध्याच्या तिसऱ्याशी बोलून तोच ठरवतो. त्याच्या पाळीपर्यंत हेडमध्ये आठ गोळे आलेले असतात. शत्रूचा गोळा हलवायचा, जॅक आपल्या गोळ्यांकडे सरकवायचा की नुसते जवळ जायचे, ही निवड येथे अटळ होते.

आणि स्किप. पहिले बारा गोळे होईपर्यंत तो हेडपाशी उभा राहून हातवाऱ्यांनी सूचना देतो. मग चालत मॅटकडे येतो, तिसरा त्याच्या जागी उभा राहतो, आणि आतापर्यंत जवळून पाहिलेले हेड त्याला दुरून, जमिनीलगतच्या नजरेने पाहावे लागते. याची बुद्धिबळाशी तुलना करण्याचा मोह होतो. ती मला पटत नाही. बुद्धिबळातला घोडा ठरवलेल्या घरातच जातो. येथे प्रत्येक सोंगटी चुकण्याची शक्यता गृहीत धरूनच चाल ठरवावी लागते. म्हणून चांगला स्किप ‘हे साधले तर किती मिळेल’ याबरोबर ‘हे फसले तर किती जाईल’ हेही मोजतो. प्रतिस्पर्ध्याचे चार गोळे जवळ असतील, तर स्वतः गुण मिळवण्याचा हट्ट न धरता आपला एक गोळा दुसऱ्या स्थानी नेऊन ठेवायचा. चारऐवजी एकच गुण जातो. हरणारा एंड स्वस्तात हरणे ही या खेळातील अर्धी विद्या आहे.

हिरवळीचा स्वभावही यात येतो. तिचा वेग सेकंदांत मोजतात, आणि गोळ्याला जॅकपर्यंत पोहोचायला जितके अधिक सेकंद लागतात तितकी ती ‘वेगवान’! प्रथम ऐकताना हे उफराटे वाटते. गुळगुळीत हिरवळीवर गोळा अगदी हलक्या हाताने सोडावा लागतो आणि तो रेंगाळत, मोठे वळण घेत जातो. न्यूझीलंडच्या हिरवळी अशा. इंग्लंडच्या ओलसर गवतावर जोर अधिक लावावा लागतो, वळण आखडते, आणि समोर आडवा पडलेला एखादा गोळा वळसा घालून टाळणे अवघड होते. तेथे लीडची चूक अधिक महाग पडते.

हा खेळ १९३०च्या हॅमिल्टन येथील पहिल्या स्पर्धेपासून राष्ट्रकुलात आहे. १९६६चा किंग्स्टन तेवढा अपवाद. स्त्रियांना मात्र तेथे १९८२पर्यंत, ब्रिस्बेनपर्यंत, थांबावे लागले. त्या वर्षी महिला तिकडीचे पहिले सुवर्ण झिंबाब्वेने नेले. भारत या स्पर्धेत उतरला २०१० साली, यजमान म्हणून, दिल्लीत.

आता लेमिंग्टनच्या त्या पंधराव्या एंडकडे परत येऊ. रूपा राणी स्किप होत्या. त्यांच्या गोळ्याने स्वतः जागा पटकावली असो, प्रतिस्पर्ध्याचा गोळा हटवला असो वा जॅक सरकवला असो, चार गुण पडायचे तर भारताचे निदान तीन गोळे आणखी योग्य जागी असणे गणितानेच भाग होते. त्यांतले काही दहा मिनिटांपूर्वी कोणाला तरी वाया गेलेलेही वाटले असतील.

दुसऱ्या दिवशी, २ ऑगस्टला, अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. भारताने ८-२ अशी आघाडी घेतली होती. ती पुसली गेली, आणि तीन एंड उरले असताना गुण १०-१० झाले. त्या तीन एंडमध्ये भारताने सात गुण मिळवले, दक्षिण आफ्रिकेने एकही नाही. १७-१०. लॉन बोल्समधील भारताचे हे पहिलेच राष्ट्रकुल पदक, आणि तेही सुवर्ण.

बातम्यांत नावे बहुधा स्किपपासून सुरू झाली. खेळण्याच्या क्रमाने ती अशी : लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया, रूपा राणी तिर्की. झारखंड पोलिसांतील शिपाई, दिल्लीतील शाळेत खेळ शिकवणाऱ्या शिक्षिका, आसामच्या वनखात्यातील कर्मचारी, झारखंडच्या क्रीडा अधिकारी. १५४१च्या त्या अधिनियमाप्रमाणे चौघींपैकी कोणालाही परवाना मिळाला नसता. अंतिम सामन्याच्या पंधराही एंडमध्ये भारताचा पहिला गोळा लव्हली चौबे यांनी सोडला.