युद्धसमाप्तीचा सोहळा आणि साथीचे मौन

पहिल्या महायुद्धाचा शेवट ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या वेळी झाला : ११ नोव्हेंबर १९१८, सकाळी अकरा वाजता. त्याच वर्षी जगभर पसरलेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला असा शेवट लाभला नाही. ती ओसरली, पुन्हा उसळली आणि कोणत्याही घोषणेवाचून विरून गेली. स्मरणोत्सवाला तिथी लागते. साथीला ती नव्हती. युद्ध आणि साथ यांच्या साहित्यिक स्मृतीत जी विषमता आढळते, तिचे एक कारण या भेदात आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

युद्धविरामाचा आनंद साथीच्या ऐन भरात साजरा झाला. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक मुखपट्ट्या बांधून रस्त्यावर उतरले. पॅरिसमध्ये युद्धात जखमी होऊन बचावलेला कवी अपोलिनेर ९ नोव्हेंबरला इन्फ्लुएन्झाने गेला. त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा शहर विजयोत्सवात होते.

हिंदुस्थानात हा विसंवाद अधिक तीव्र होता. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून आलेली साथ सप्टेंबरात दुसऱ्यांदा उसळली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरातील मृतांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत व त्याहूनही वर जातात. युद्धात मरण पावलेले हिंदी सैनिक सुमारे ७४,००० होते. डिसेंबर १९१९ मधील सरकारी शांतता-उत्सवावर खिलाफत परिषदेने बहिष्कार पुकारला, तो तुर्कस्तानच्या प्रश्नावरून. उत्सवाविषयीच्या या वादातही साथीच्या मृतांचा प्रश्न पुढे आला नाही. १९३१ साली अनावरण झालेल्या दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. साथीच्या मृतांसाठी त्या तोडीचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले नाही.

साहित्यानेही हे मौन सावकाश सोडले. दोन परस्परांशी असंबद्ध कृती १९३९ या एकाच वर्षी प्रसिद्ध व्हाव्यात, हे अभ्यासकांना विचारप्रवृत्त करणारे आहे. कॅथरिन ॲन पोर्टर यांच्या ‘पेल हॉर्स, पेल रायडर’ या दीर्घकथेत रुग्णशय्येवरील नायिकेच्या कानी युद्धविरामाचा जल्लोष येतो. तिचा सैनिक प्रियकर मात्र साथीत मरण पावला आहे. निराला यांच्या ‘कुल्ली भाट’मध्ये पत्नीच्या मृत्यूची व गंगेत साचलेल्या प्रेतांची आठवण येते. पोर्टर यांच्या कथेत शोकाला युद्धसमाप्तीची पार्श्वभूमी आहे. निरालांच्या शोकाला जल्लोषाचा संदर्भच उरत नाही. युद्ध ज्या समाजाच्या दारात आले आणि ज्या समाजाकडून केवळ माणसे घेऊन गेले, त्यांच्यातील हे अंतर आहे.

२०२० साली इतिहासाने क्रम उलटा केला. दुसऱ्या महायुद्धाच्या युरोपातील समाप्तीचा पंचाहत्तरावा स्मृतिदिन ८ मे रोजी टाळेबंदीत, जवळजवळ निर्मनुष्य चौकांत पाळला गेला. मॉस्कोचे ९ मेचे संचलन २४ जूनपर्यंत लांबले. १९१८ साली सोहळ्याने साथ झाकली होती. आता साथीने सोहळा झाकला. मे २०२१ मध्ये गंगेत पुन्हा प्रेते दिसली, तेव्हा अनेकांना निराला आठवले, कारण स्मरण करण्यासाठी दुसरे स्मारक नव्हते.

तौलनिक साहित्याभ्यासाने कालखंडांच्या सीमा बहुधा युद्धांवरून आखल्या. ‘युद्धोत्तर’ ही संज्ञा १९१८ नंतरच्या भारतीय भाषांना लावताना, त्या भाषा बोलणाऱ्यांनी सर्वाधिक माणसे कशात गमावली, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.