सायकल शिकणे आणि सायकल खोलणे : बेळगावच्या दुकानापासून चकलांब्याच्या रस्त्यापर्यंत

१/ सायकल चालवायला शिकवण्याचे आज कोणी पैसे मागितले, तर आपण हसू. परंतु १८८८ च्या सुमारास बेळगावात या शिकवणीची फी १५ रुपये होती. एखाद्या सामान्य घराचा महिन्याचा संसार तेव्हा एवढ्यात भागत असे. ही फी घेणारे घराणे पुढे महाराष्ट्राच्या उद्योगविश्वातील मोठे नाव ठरले. सायकल शिकण्याचा आणि ती दुरुस्त करण्याचा आपल्या मुलखातील इतिहास या धाग्यात पाहू. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्याच्या इच्छेने १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे ध्यानात आले. रंग सुटले, रेषा मात्र हाती राहिली. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

३/ याच काळात सायकल त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी आणि थोरले बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलचे लहानसे दुकान काढले. धाकट्याने मुंबईत सायकली खरेदी करून पाठवायच्या, थोरल्याने त्या बेळगावात विकायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचे, अशी वाटणी होती. सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये असे, असे सांगितले जाते. म्हणजे गिऱ्हाईक सरकारी अधिकारी, वकील किंवा जमीनदार याच वर्गातले.

४/ या दुकानात तीन वस्तू विकल्या जात होत्या : यंत्र, ते चालवण्याची विद्या आणि ते दुरुस्त करण्याची हमी. पहिली वस्तू उरलेल्या दोन्हींवाचून निरुपयोगी होती. गावात दुसऱ्या कोणाला सायकल येत नाही, चाक वाकले तर लोहाराला ते सरळ करता येत नाही, अशा ठिकाणी एवढी रक्कम कोण मोजणार? पुढे या तिन्ही गोष्टींची फाटाफूट झाली. ती कशी झाली, हाच या धाग्याचा मुख्य प्रश्न आहे.

५/ दुरुस्तीच्या कामातून काय उभे राहू शकते, याचे उत्तरही याच घराण्याच्या इतिहासात आहे. नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. सायकलीमागून कडबा कापण्याचे यंत्र आले, त्यामागून लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होईल, या समजुतीने शेतकरी सुरुवातीला नांगराला हात लावीनात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

६/ आता थोडे जगाकडे पाहू. दोन समान चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजच्या सायकलची घडण इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये रूढ केली. त्याआधीच्या सायकलला पुढे अवाढव्य चाक असे आणि स्वार तोंडावर आपटे. १८८८ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. हवेने प्रवास सुखाचा झाला आणि जगात पंक्चर नावाची नवी आपत्ती अवतरली.

७/ याहून जुनी एक गोष्ट शिकणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १८१७ मध्ये जर्मनीतील कार्ल फॉन द्राइस याने दोन चाकांची लाकडी गाडी बनवली. तिला पायडलच नव्हते. स्वार जमिनीला पाय मारत पुढे जाई. याचा अर्थ असा की, माणूस दोन चाकांवर तोल सांभाळायला आधी शिकला आणि पायडल मारायला कित्येक दशकांनंतर.

८/ आपल्या खेड्यांतील मुलांनी द्राइसचे नावही ऐकले नव्हते, पण शिकण्याचा क्रम त्यांनी तोच ठरवला. पहिली पायरी लंगडी : एक पाय पायडलवर, दुसऱ्याने जमिनीला रेटा. दुसरी कैची : वडिलांची उंच सायकल, म्हणून दांडीखालून पाय पलीकडे घालायचा आणि अर्धे अर्धे पायडल मारायचे. तिसरी दांडी. शेवटी सीट, तीही पाय पुरले तर. आधी तोल, नंतर गती. बालसायकल परवडत नसल्यामुळे निर्माण झालेली ही पद्धत शास्त्रदृष्ट्याही पक्की आहे.

९/ कारण नवशिक्या पडतो तो बहुधा एकाच चुकीने. सायकल डावीकडे कलली की तो घाबरून हँडल उजवीकडे ओढतो. करायचे असते उलट. ज्या अंगाला कलली त्या अंगालाच हँडल किंचित वळवायचे, म्हणजे चाके पुन्हा शरीराच्या भाराखाली येतात. वेग अगदीच कमी असेल तर ही दुरुस्ती वारंवार आणि मोठी करावी लागते, म्हणून हळू चालवणे अधिक अवघड. ‘खाली बघू नको, लांब बघ’ या वडीलधाऱ्यांच्या सूचनेत हेच सारे सामावलेले आहे.

१०/ शिकण्यासाठी वयाची अट नाही, याचा एक लेखी पुरावा आहे. अमेरिकेतील समाजसुधारक फ्रान्सिस विलर्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. रोज सुमारे पाव तास, असे तीन महिने. सुरुवातीला त्यांना धरायला माणसे लागत. १८९५ मध्ये त्यांनी या अनुभवावर पुस्तकच लिहिले. आपल्या सायकलचे नाव त्यांनी ‘ग्लॅडिस’ ठेवले होते. धाडसापेक्षा रोजच्या थोड्या सरावाने भीती जाते, हे त्यांच्या हिशेबावरून स्पष्ट दिसते.

११/ आता मराठवाड्यात येऊ. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सायकली तेव्हा मुख्यतः विलायती : रॅले, हर्क्युलस, बी.एस.ए. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. देशी कारखान्यांमुळे सायकल साहेबाकडून मास्तराकडे, पोस्टमनकडे, ग्रामसेवकाकडे आणि दूधवाल्याकडे आली.

१२/ तरीही मुलासाठी स्वतंत्र सायकल ही चैनच होती. ही दरी भरून काढली ती तासावर सायकल देणाऱ्या दुकानाने. तालुक्याच्या गावी आणि बाजाराच्या खेड्यांत असे एखादे दुकान असेच. वहीत नाव आणि वेळ लिहायची, पैसे द्यायचे आणि घड्याळाकडे डोळे लावून तास संपेपर्यंत पडत-उठत राहायचे. बेळगावात १५ रुपयांना मिळणारी विद्या आता नाण्यांत मिळू लागली. शिक्षकाची जागा मागून कॅरियर धरून धावणाऱ्या मित्राने घेतली.

१३/ भाड्याचे दुकान आणि दुरुस्तीचे दुकान सहसा एकच असे. सायकल पंक्चर होऊन परतली तर भुर्दंड भाडेकऱ्याचा. ते पंक्चर निघेपर्यंत मुलगा तिथेच उकिडवा बसून राही आणि पाहता पाहता शिके. चालवणे आणि दुरुस्त करणे या दोन विद्या इथे पुन्हा एका छपराखाली आल्या.

१४/ या छपराखाली एक स्वतंत्र मराठी परिभाषा घडली. बॉल बेअरिंगचे ‘छर्रे’ झाले. वाकड्या फिरणाऱ्या चाकाच्या तारा कमी-जास्त आवळून ते सरळ करणे म्हणजे ‘आउट काढणे’. संपूर्ण सायकल खोलून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडण्याच्या ‘ओव्हरहॉलिंग’चे ‘ओव्हरऑइल’ झाले, आणि ते अर्थालाही धरूनच आहे, कारण काम तेल-ग्रीसचेच. ही परिभाषा कोणत्या भाषासमितीने घडवली नाही. काळे हात असलेल्या मिस्त्रींनी ती घडवली.

१५/ त्यांची पंक्चर काढण्याची रीत पाहावी. पहिल्यांदा वॉलला थुंकीचे बोट लावायचे. बुडबुडा आला तर दोष ट्यूबचा नाही, आतल्या वॉलट्यूबचा. ती रबरी नळी बदलली की काम संपले. बुडबुडा नाही आला, तरच टायर उकलायचा. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात थोडी थोडी दाबत फिरवायची आणि बुडबुडे येतील तिथे खूण करायची.

१६/ मग ती जागा कोरडी करून कानशीने किंवा पॉलिश पेपरने खरवडायची. सोल्युशन पातळ लावायचे आणि थांबायचे. नवशिक्या चुकतो तो इथे. ओल्या सोल्युशनवर ठिगळ धरत नाही. बोटाला चिकटेनासे झाले की ठिगळ ठेवून ठोकायचे. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जपून हात फिरवायचा, कारण बाभळीचा काटा तिथेच असतो. तो राहिला तर शंभर पावलांवर तेच पंक्चर पुन्हा.

१७/ उरलेली नित्याची कामे दोन. उतरलेली चेन आधी मागच्या फ्रीव्हीलवर बसवायची, मग पुढच्या चक्राच्या दात्यांत अडकवून पायडल हळूहळू फिरवायचे, बोटे सांभाळून. चेन वारंवार उतरत असेल तर ती सैल आहे. मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक किंचित मागे ओढायचे, दोन्ही बाजू सारख्या राखून. आणि ब्रेकचे रबर झिजले की बदलायचे. दोन पाने, टायर उकलायची पट्टी, सोल्युशन, ठिगळे आणि हवेचा पंप, एवढ्या साहित्यात हे सारे होते.

१८/ आता या विद्येचा आणि धैर्याचा संबंध पाहू. चकलांबा हे गेवराई तालुक्यातील गाव. अशा गावांत वस्त्या शेतांमध्ये दूरवर विखुरलेल्या असतात. वस्तीवरून शाळेकडे निघालेल्या मुलीला तोल सांभाळण्याची भीती चार दिवसांत सोडून जाते. राहते ती दुसरी भीती : मध्येच बंद पडली तर? उन्हात सायकल ढकलत नेण्याच्या या धास्तीनेच पुष्कळ सायकली घरी भिंतीला टेकून राहतात. जिला पंक्चर काढता येते, तिच्या दृष्टीने तोच रस्ता निम्म्याने आखूड होतो.

१९/ मुलीचे उदाहरण मुद्दाम घेतले. कैची, तासावरची सायकल, दुकानात उकिडवे बसणे, ही सारी बहुतांशी मुलग्यांची शाळा होती. दांडीची सायकल स्त्रियांसाठी नव्हती. गोल साडीचा पदर चाकात जाई. त्यासाठी बिनदांडीची चौकट, चेनकव्हर, चाकाला जाळी अशा सोयी आल्या. स्त्रिया चालवू लागल्या. पण दुरुस्तीच्या दुकानाचा उंबरठा ओलांडून पाना हाती घेणाऱ्या मुली मात्र विरळाच.

२०/ सार्वजनिक प्रयत्नांनी काय घडते, याची दोन उदाहरणे. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतरच्या साक्षरता मोहिमेत सायकल शिकणे हा भागच होता. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याचा पाठपुरावा केला. दीड वर्षात एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांनी सायकल हाती घेतली, अशी पत्रकार पी. साईनाथ यांची नोंद आहे.

२१/ दुसरे बिहारचे. २००६ पासून तेथे नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी रक्कम मिळू लागली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतील मुलींचे वयानुरूप प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले. शाळा ३ किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत परिणाम विशेष दिसला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात.

२२/ हे सारे स्तुत्य आहे. पण बेळगावच्या दुकानाशी तुलना करून पाहा. तीन वस्तूंपैकी योजना यंत्र देते. चालवायला मुली एकमेकींकडून शिकतात. तिसरी गोष्ट, म्हणजे दुरुस्ती, गृहीतच धरलेली नसते. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला कारखान्यांकडे जातात आणि शिकणारी मुलगी आजीपाशी मागे राहते. तेव्हा पंक्चर झालेली सायकल दुकानापर्यंत नेणारे घरात कोणी नसते. एका काट्यापायी शाळेचे किती दिवस बुडतात, हे हजेरीपत्रकात कधीच उमटत नाही.

२३/ उपाय खर्चिक नाही. ज्या शाळेच्या आवारात सायकलींची रांग लागते, तिथे एक पंप, एक घमेले आणि दोन पाने असावेत. गावच्या मिस्त्रीला सन्मानाने बोलावून महिन्यातला एक तास द्यावा. रामूअण्णा त्या तासाची फी घेत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवून मिस्त्रीलाही मानधन द्यावे. विद्या विद्याच असते, हात काळे झाले म्हणून ती कमी ठरत नाही.

२४/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्याची एक विनंती. तासावर सायकल देणारी दुकाने मिटत चालली आहेत. त्यांच्या वह्या रद्दीत जात आहेत. कोण, कोणत्या दिवशी, किती वेळ सायकल घेऊन गेले, हे सांगणारी ती वही आपल्या ग्रामीण जीवनाचे अस्सल साधन आहे. नगरपालिकेचे सायकलचे बिल्ले, जुन्या पावत्या, दुकानाचे फोटो यांचेही तेच. आपल्या गावी असे काही आढळले तर फेकू देऊ नका, आणि म्हाताऱ्या मिस्त्रीशी बोलून त्यांचे शब्द लिहून ठेवा. त्यातले काही प्रतिसादांत कळवलेत, तर पुढील धागा त्यावरच लिहीन.

धागा समाप्त.