दुर्जनाचा हिशेब

दुष्टाला शिक्षा होते की तो सुखाने नांदतो, हा प्रश्न मराठवाड्याला पोथीत शोधावा लागला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. लातुरात वकिली केलेला रझाकारांचा पुढारी कासीम रझवी तुरुंगात गेला. पण १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात निघून गेला. खुद्द निजाम तर १९५० ते १९५६ हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. मग न्याय झाला म्हणावे की नाही?

ज्यू लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथांतही हाच वाद आहे. हे ग्रंथ आपल्याला अगदीच परके नव्हेत. कोकणातील मराठीभाषी बेने इस्राएल समाज त्यांतील कथांवर मराठीत कीर्तने करीत आला आहे. त्यांतील ‘नीतिसूत्रे’ खात्रीने सांगतात की, दुर्जनाचा दिवा विझणारच. ईयोब त्यावर विचारतो, तो विझताना कितीदा दिसला?

आम्हा कामगारांत वावरणाऱ्यांना यहोयाकीम राजाची कथा विशेष वाटते. इ. स. पूर्व ६०९ ते ५९८ या काळात तो यहूदाच्या गादीवर होता. लोकांना मजुरी न देता राबवून त्याने प्रशस्त वाडा बांधला. आपल्याकडे यालाच वेठ म्हणत. यिर्मया संदेष्ट्याने जाहीर सांगितले की, मेलेल्या गाढवाप्रमाणे याचे प्रेत वेशीबाहेर फेकले जाईल. परंतु ‘राजे’ या ग्रंथात तशा विटंबनेचा उल्लेखही नाही; तो पूर्वजांना मिळाला, एवढीच नोंद आहे. त्याच्यामागून गादीवर आलेला मुलगा मात्र तीन महिन्यांतच कैद होऊन बाबेलला गेला. त्या हद्दपारांतच असलेला यहेज्केल पुढे सांगतो की, बापाच्या पापाची शिक्षा मुलाला नाही.

हा मेळ बसत नाही, आणि तो बसविण्यासाठी ग्रंथ जुळविणाऱ्यांनी एकही साक्ष खोडली नाही. पीडिताची तक्रार धर्मग्रंथात राहिली, हे आम्हांला मोठे वाटते.

शिवाय त्यांचे नियमशास्त्र दैवी शिक्षेची वाट पाहत बसत नाही. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे ते बजावते. दुर्जनाचा शेवट काय होईल हे आपल्या हाती नाही. संध्याकाळची मजुरी चुकती करून घेणे आपल्या हाती आहे. आम्ही त्या ग्रंथांतून घेतो ते एवढेच.