पोथीवाचकाचा आवाज : बीड जिल्ह्यातील ग्रंथश्रवणाच्या इतिहासाची काही अंगे

मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासाविषयी लिहिताना निजामी अमदानीतील साक्षरतेचे आकडे पुढे करण्याची रीत आहे. हैदराबाद संस्थानातील साक्षरतेचे प्रमाण १९५१ पर्यंतच्या प्रत्येक खानेसुमारीत शेकडा दहांच्या आतच राहिले. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. यावरून मराठी ग्रंथ या प्रदेशातील सामान्य माणसापर्यंत पोहोचलेच नसावेत, असा निष्कर्ष सहज काढला जातो. आकडे खरे आहेत. निष्कर्ष मात्र तपासून घेण्याजोगा आहे. खानेसुमारीच्या कारकुनाने जिची नोंद निरक्षर म्हणून केली, ती बाई ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय तोंडपाठ म्हणत असे. तिने तो कोणाच्या तरी तोंडून ऐकला होता. ज्याच्या तोंडून ऐकला त्या वाचकाचा इतिहास मात्र अजून कोणी नीटसा लिहिलेला नाही. बीड जिल्हा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कारण मराठीतील काही अत्यंत जुने व काही अत्यंत विस्तृत ग्रंथ याच जिल्ह्याशी निगडित आहेत, आणि ते सर्व वाचून दाखविण्यासाठीच रचलेले आहेत.

निजामी कागदपत्रांत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाणारे आंबेजोगाई हे या परंपरेचे मुख्य ठाणे. मुकुंदराजांची समाधी येथे दाखविली जाते; विदर्भातील अंभोऱ्याचाही तोच दावा आहे, आणि तो वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. ‘विवेकसिंधू’चा रचनाकाल शके १११० म्हणजे इ. स. ११८८ असा परंपरेने सांगितला जातो. त्यावर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप भाषेचा आहे : उपलब्ध प्रतींतील मराठी इतकी जुनी वाटत नाही. या आक्षेपाचा विचार करताना नकलकाराच्या लेखणीकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे वाचकाच्या जिभेकडे दिले जात नाही. जो ग्रंथ पिढ्यानुपिढ्या श्रोत्यांपुढे मोठ्याने वाचला जातो, त्यातील अपरिचित रूप वाचकाच्या तोंडी प्रथम बदलते आणि पुढच्या नकलेत ते बदललेले रूप कायम होते. एवढ्यावरून कालनिर्णय होत नाही हे उघड आहे. परंतु भाषेचा आक्षेप निर्णायक मानण्यापूर्वी हा व्यवहार ध्यानात घेतला पाहिजे.

हस्तलिखित पोथीचे स्वरूपच वाचकाला अर्थनिर्णयाचा अधिकार देणारे होते. जुन्या पोथ्यांत शब्दाशब्दांत अंतर सोडलेले नसे. अक्षरांची ओळ सलग चाले आणि ओवीच्या शेवटी दंड येई. एक शब्द कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो, हे वाचणाऱ्यानेच ठरवावयाचे. म्हणजे पदच्छेद ही ग्रंथाची पहिली टीका होती, आणि ती कागदावर नव्हे, आवाजात होत असे. सुट्या आडव्या पानांची पोथी चौरंगावर ठेवून, वाचलेले पान उलटून पलीकडे ठेवीत पुराणिक वाची. ओवी ठरलेल्या चालीवर म्हणावयाची, मग थांबून गद्यात अर्थ सांगावयाचा, जरूर तर दृष्टान्त द्यावयाचा आणि पुन्हा ओवी उचलावयाची, असा क्रम असे. चातुर्मासात असे वाचन महिनेच्या महिने चाले आणि समाप्तीच्या दिवशी पुराणिकाला शिधा, वस्त्र व दक्षिणा मिळे.

दासोपंतांच्या बाबतीत (१५५१–१६१५) हा प्रकार अधिक स्पष्ट होतो. बीदरकडील नारायणपेठच्या देशपांडे घराण्यातील हा पुरुष आंबेजोगाईस स्थायिक झाला. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत. मिनिटाला दहा ओव्या या पारायणाच्या वेगाने अर्थ न सांगता नुसते वाचीत गेले, तरी सव्वा लाख ओव्यांना दोनशेहून अधिक तास लागतील. रोज एक तास धरला, तर एका चातुर्मासात हे वाचन पुरे होणार नाही. अर्थासह वाचावयाचे तर वर्षे लागतील. हा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट लक्षात येते. असा ग्रंथ एका माणसाने हातात घेऊन संपविण्यासाठी नसतो. एका गावाने तो दीर्घकाळ ऐकत राहावयाचा असतो. संख्या परंपरेने फुगविली असेल असे मानले, तरी निम्म्या संख्येलाही हेच लागू पडते.

त्याच दासोपंतांनी ‘पंचीकरण’ कागदावर न लिहिता जाड कापडावर लिहिले. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद असलेली ही ‘पासोडी’ आंबेजोगाईच्या देवघरात जतन करण्यात आली. तिच्यावर सुमारे सोळाशे ओव्या असून विषय उलगडणाऱ्या आकृत्याही आहेत. ही पासोडी मांडीवर घेऊन वाचता येत नाही. ती पसरावी किंवा टांगावी लागते, आणि एकाने दाखवीत वाचावे व इतरांनी पाहत ऐकावे असाच तिचा उपयोग कल्पिता येतो. पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा रूक्ष विषय नुसत्या कानाला झेपणार नाही, हे दासोपंतांनी ओळखले असावे. उलट त्यांची पदे निरनिराळ्या रागांत गाण्यासाठी आहेत; तेथे आकृतीचे काम नाही. गीतार्थ, तत्त्वविवरण आणि भक्तिपद या तीन प्रकारांसाठी त्यांनी श्रवणाच्या तीन वेगळ्या व्यवस्था केल्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

वाङ्मयप्रकार बदलला की आवाज बदलावा, ही जाणीव या परंपरेत मुरलेली होती. नारदीय कीर्तनकार उत्तररंगातील एकाच आख्यानात ओवी, आर्या, साकी, दिंडी आणि कटाव अशी वृत्ते फिरवी. मोरोपंतांची आर्या ज्या चालीने म्हणावयाची त्या चालीने श्रीधराची ओवी म्हणून भागत नसे, आणि कटाव तर दम राखून एका झपाट्यात सोडावा लागे. राजा, राणी, विदूषक आणि देव या सर्वांचे बोलणे एकाच गळ्यातून निघे. वारकरी कीर्तन याहून निराळे. तेथे एकच अभंग घेऊन त्याच्या शब्दाशब्दाची फोड करावयाची असते. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केल्यानंतर या पद्धतीला नियमित शिक्षणाची जोड मिळाली. नेकनूरचे बंकटस्वामी आणि पाटोदा तालुक्यातील सावरगावात जन्मलेले भगवानबाबा (१८९६–१९६५) यांच्या कीर्तनांनी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील शेतकरी आणि ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांपर्यंत संतवाणीचा अर्थ पोहोचविला.

श्रावणातील ‘नवनाथ भक्तिसारा’चे वाचन हा आणखी वेगळा प्रकार. १८१९ सालच्या या चाळीस अध्यायांच्या पोथीत अद्भुताचा भर मोठा आहे. एरवी पोथीतील स्थळे श्रोत्याला दूरची असतात. येथे मात्र आष्टी तालुक्यातील सावरगावजवळचा मायंबा मच्छिंद्रनाथांचा म्हणून आणि पाटोद्याकडचा गहिनीनाथगड गहिनीनाथांचा म्हणून श्रोत्यांच्या पायाखालचा असतो. परळीचा वैजनाथही तसाच. ‘गुरुचरित्रा’त नृसिंहसरस्वतींचा तेथील गुप्त वास वर्णिला आहे. ज्या श्रोत्याने ती जागा पाहिली आहे, त्याच्यापुढे वाचकाला वर्णन फुगविता येत नाही. परिचित भूगोल हा वाचकावरचा मोठा अंकुश होय.

या वाचिक व्यवहाराला सीमाही होत्या, आणि त्या दृष्टिआड करणे इतिहासाला धरून होणार नाही. गेवराई तालुक्यातील गोदातीरावरचे पांचाळेश्वर हे महानुभावांचे आत्मतीर्थ. परंतु त्या पंथाने आपले ग्रंथ सकळा व इतर सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले आणि बाहेरच्या श्रोत्याला ते शतकानुशतके ऐकू आले नाहीत. तेथे श्रवणाचे दार ग्रंथकर्त्यांच्या अनुयायांनीच लावून घेतले होते. देवळातील पुराणाच्या बाबतीत मात्र दार दुसऱ्यांनी लावले होते. अस्पृश्य मानलेल्या समाजाला सभामंडपात जागा नव्हती. भिंतीबाहेरून जे कानी पडेल तेवढेच त्याचे. या समाजातील स्त्रियांनी जात्यावर जे रचले ते ग्रंथश्रवणावाचूनचे वाङ्मय होते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनात माजलगावच्या स्त्रियांनी गायिलेल्या डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्यांचे १९९६ मधील ध्वनिमुद्रण आहे. त्या ओव्या ऐकल्यावर पुराणिकाची चाल हीच ओवीची एकमेव चाल होय, हा समज टिकत नाही.

१९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील बौद्ध वस्त्यांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन रूढ झाले. काळ चातुर्मासाचाच, बैठकही श्रोत्यांचीच. परंतु ग्रंथ गद्य आहे, आणि वाचक जन्माने ठरत नाही. शाळेत गेलेला मुलगा किंवा मुलगी वाचते व वडीलधारी माणसे ऐकतात. गद्य वाचताना वृत्ताचा आधार सुटतो. कोठे थांबावे हे ओवीचा दंड सांगत नाही. ते वाक्याच्या अर्थावरून ठरवावे लागते. या गद्यवाचनाची पूर्वतयारी अंशतः वृत्तपत्रांनी केली होती. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकासारख्या पत्राचा एक अंक गावात आला, तर तो वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक अशीच स्थिती असे. सभाबंदीच्या त्या काळात चार माणसांपुढे बातमी मोठ्याने वाचणे हेही धैर्याचे कृत्य होते.

उर्दूत या भेदाला नाव आहे. मर्सिया चालीवर म्हटला तर ‘सोज़’, आणि न गाता शब्दांच्या वजनाने वाचला तर ‘तहतुल्लफ्ज़’. हैदराबाद संस्थानात दोन्ही भाषा शेजारी नांदूनही मराठीने या दुसऱ्या रीतीसाठी स्वतंत्र संज्ञा घडविली नाही, हे नोंदविण्यासारखे आहे. हवानातील सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून वाचक नेमला. तो कामकऱ्यांना वृत्तपत्रे वाचून दाखवी आणि कादंबऱ्याही. पुराणिकाप्रमाणे त्याचे वेतन श्रोत्यांकडूनच येई. म्हणून काय वाचावे यात त्यांचा शब्द चाले. पुढल्याच वर्षी स्पॅनिश राज्यकर्त्यांनी या वाचनावर बंदी घातली.

यंत्राने वाचक व श्रोता यांना एकमेकांपासून दूर नेले. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी तबकड्यांवर पहिली बोलकी पुस्तके निघाली, तेव्हा आरंभीच्या पुस्तकांत अ‍ॅगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा होती आणि जोसेफ कॉनरॅडची सागरकथाही. वाचकाने पात्रांचे आवाज काढावेत की अलिप्तपणे वाचावे, हा वाद तेथे तेव्हापासून चालू आहे. मराठीत व्यापारी श्राव्यग्रंथांना जोर आला तो २०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडिश संस्था भारतात आल्यानंतर. आज मराठी श्राव्यग्रंथाचा निवेदक रहस्यकथा, चरित्र, विनोदी लेखन आणि संतवाङ्मय एकाच बंद खोलीत बसून वाचतो. त्याला पुराणिकाचा वारसदार म्हणण्याची हौस दिसते. ती अर्धीच रास्त आहे. प्रकारानुरूप आवाज पालटण्याचे कौशल्य कीर्तनकाराकडून आले असे म्हणता येईल. परंतु पुराणिकाचे मुख्य काम थांबण्यात होते, आणि निवेदकाला थांबून अर्थ सांगण्याची मोकळीक नाही. गद्याशी बांधलेला, चालीवाचून वाचणारा हा निवेदक पुराणिकापेक्षा वर्षावासातील त्या शाळकरी वाचकाला अधिक जवळचा आहे.

वेगाचा अधिकारही आता श्रोत्याकडे गेला आहे. यंत्रावर तो वाचन दीडपट करू शकतो, मागे नेऊ शकतो, मध्येच सोडूनही देऊ शकतो. आंबेजोगाईच्या मंडपात कंटाळलेल्या श्रोत्याला असे करता येत नसे. त्याला फार तर डुलकी घेता येई, आणि तेवढ्यात पुराणिक दृष्टान्तावर येऊन आवाज चढवीत असे.