मण्यांची दोरी आणि टीव्हीमागची डबी

केबलची वायर आणि गच्चीवरच्या अँटेनाची वायर, दोन्ही टीव्हीच्या एकाच पिनेला जोडायच्या तर मध्ये पत्र्याची एक छोटी डबी लागते. तिचं नाव डायप्लेक्सर. उघडली तर आत ना बॅटरी, ना चिप; तांब्याच्या तारेची काही वेटोळी आणि काही कपॅसिटर. एका तोंडातून फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी शिरतात, दुसऱ्यातून फक्त वरच्या, आणि तिसऱ्यातून दोन्ही मिळून टीव्हीकडे जातात. अमेरिकेतली बारा वाहिन्यांची जुनी केबल ५४ ते २१६ मेगाहर्ट्झमध्ये मावायची आणि अँटेनावरची यूएचएफ केंद्रं ४७० च्या वर असायची. एवढं अंतर असलं की दोघी एका वायरीत सुखाने नांदतात.

ही डबी टीव्हीवाल्यांची, निदान रेडिओवाल्यांची, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. तिचं घराणं टेलिफोनचं आहे, आणि त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे टेलिफोनच्या तारेत सापडलेली एक खोट.

लांबच्या तारेवर आवाज विरतो आणि विस्कटतो. त्यावर ऑलिव्हर हेविसाइडने १८८७ मध्ये उलटा वाटणारा उपाय सांगितला: तारेचं इंडक्टन्स वाढवा. ते कसं वाढवायचं, हा प्रश्न १८९७ मध्ये बॉस्टनच्या बेल कंपनीत आलेल्या जॉर्ज कॅम्पबेलने हाती घेतला. ठरावीक अंतरावर तारेत गुंडाळ्या बसवायच्या, हे त्याचं उत्तर. १९०० मध्ये बॉस्टनजवळ अशी तार चालूही झाली. पण पेटंट मिळालं कोलंबिया विद्यापीठाच्या मायकेल प्युपिनला, आणि जगभर त्या गुंडाळ्यांना प्युपिनचंच नाव चिकटलं. प्युपिनच्या वाट्याला पैसा आणि कीर्ती आली. माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट कॅम्पबेलच्या हाती राहिली.

गुंडाळ्या बसवलेल्या तारेवर बोलणं स्वच्छ ऐकू येई, पण एका ठरावीक फ्रिक्वेन्सीपर्यंतच. तिच्या वरचं सगळं भिंत आडवी यावी तसं अडत होतं. लाट इतकी आखूड झाली की एकेका लाटेच्या वाट्याला पुरेशा गुंडाळ्याच येत नाहीत, आणि मग ती पुढे सरकत नाही. कॅम्पबेलने १९०३ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये या तारेचं गणित मांडलं. त्याच नियतकालिकात १८९८ मध्ये चार्ल्स गॉडफ्रेने ठरावीक अंतरावर वजनं अडकवलेल्या दोरीवरून लाट कशी जाते आणि कुठे अडते, हे दाखवलं होतं. मला सापडलेला धागा तो हाच. मणी ओवलेली दोरी, गुंडाळ्या ओवलेली तार आणि टीव्हीमागच्या डबीतली वेटोळी, तिन्हींचं गणित एकच. भिंत नको तिथे आली तर ती खोट. हवी तिथे आणता आली तर तो फिल्टर. मग गुंडाळी आणि कपॅसिटर यांच्या जागांची अदलाबदल करा, भिंत उलटी होते: खालचं अडतं, वरचं जातं. असा एक आणि तसा एक फिल्टर एका तोंडाशी जोडले की डायप्लेक्सर तयार.

या वंशावळीला प्रतिस्पर्धी आहेत. पहिला दावा १८७० च्या दशकातल्या ‘हार्मोनिक’ तारयंत्राचा. बेल आणि एलिशा ग्रे तेव्हा वेगवेगळ्या सुरांत एकाच तारेवरून अनेक संदेश पाठवायच्या खटपटीत होते. दुसरा दावा ऑलिव्हर लॉजचा, ज्याने १८९७ मध्ये रेडिओसाठी ट्यूनिंगचं पेटंट मागितलं. दोन्ही दावे वजनदार आहेत, तरी मी ते बाजूला ठेवतो. कारण ट्यूनिंग एकच सूर उचलतं. आपल्या डबीला तर यूएचएफचा अख्खा पट्टा, खालपासून वरपर्यंत, सारख्याच जोराने सोडायचा असतो आणि पट्टा संपला की झटकन दार लावायचं असतं. हा गुण एकट्या ट्यून केलेल्या सर्किटात नाही, ओवलेल्या साखळीत आहे.

तिसरा दावेदार जर्मनीचा कार्ल विली वागनर. त्यानेही १९१५ च्या सुमारास स्वतंत्रपणे असेच फिल्टर बांधले. इथे मी बाप ठरवत बसत नाही. वागनरही तारांवरच काम करणारा, म्हणजे घराणं तेच राहतं.

एक फट मात्र खटकते. गणित १९०३ चं आणि कॅम्पबेलचा पेटंट-अर्ज १९१५ चा. मधली बारा वर्षं कशात गेली? माझा कयास असा की फिल्टरला गिऱ्हाईकच नव्हतं. फिल्टरांची रांग लावली की सिग्नल क्षीण होतो, आणि तो पुन्हा वाढवणारी व्हॅक्यूम ट्यूब टेलिफोन कंपनीच्या हाती आली ती १९१३ च्या आसपास. ट्यूब आल्यावर गाडी धावली: १९१७ मध्ये पेटंट मंजूर, १९१८ मध्ये बाल्टिमोर ते पिट्सबर्ग एकाच तारेवर अनेक संभाषणं. तारेच्या टोकाला ती वेगळी करणारे फिल्टर आपल्या डबीचे थेट आजोबा.

अनेक जण डायप्लेक्सरऐवजी साधा स्प्लिटर उलटा जोडतात. त्यातली फेराइटवरची गुंडाळीही टेलिफोनच्याच हायब्रिड कॉइलची वंशज, पण स्वभाव निराळा. ती पट्टे ओळखत नाही, प्रत्येक सिग्नलची निम्मी ताकद खाते, आणि केबलचा थोडा सिग्नल अँटेनाकडे सोडून आकाशात उधळते. घरात हे करू नये.

केबल आणि अँटेना एकाच पट्ट्यात आल्या की डायप्लेक्सरही हात टेकतो. मग उरतो तो ए-बी स्विच: एकदा ही, एकदा ती. अमेरिकेत हा स्विच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्थानिक केंद्रं दाखवण्याची सक्ती नको, ग्राहकाला स्विच द्या म्हणजे तो अँटेनावर बघेल, असा केबलवाल्यांचा युक्तिवाद होता. १९९७ मध्ये ‘टर्नर’ खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सक्ती कायम ठेवली आणि स्विचचा पर्याय पुरेसा मानला नाही.