हृदयाची झडप आणि मुलींचा खेळ



मागे आमच्या गटाच्या बैठकीत एक आई म्हणाली, "पोरीच्या हृदयाच्या झडपेत जन्मापासून दोष आहे, म्हणून खेळायला सोडत नाही." पण तीच पोर रोज हापशावरून दोन हंडे पाणी आणत होती! ते ओझं कुणाच्या लक्षात आलं नाही, आमच्याही नाही. म्हणून आज या भीतीचा इतिहास सांगतो.

हृदयातून सगळ्या अंगाला रक्त नेणारी मोठी नळी म्हणजे महाधमनी. तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. शंभरात एक-दोघांना जन्मतः दोनच पाकळ्या असतात. पाचशे वर्षांपूर्वी इटलीच्या लिओनार्दो द विंचीने अशी झडप कागदावर काढली होती.

1816 साली पॅरिसच्या डॉ. लेनेक यांनी एका तरुण बाईच्या छातीला कागदाची गुंडाळी लावून ठोके ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोप आला. झडपेचा वेगळा आवाज ऐकू येऊ लागला, तशी भीतीही वाढली. आवाज आला की अनेक डॉक्टर सांगत, पडून राहा, धावू नका.

इंग्लंडमध्ये बर्नली नावाचं कापड विणणारं गाव आहे. तिथल्या मागांवर बायकाही राबत. डॉ. जेम्स मॅकेन्झी 1879 पासून तिथं रोगी तपासत. त्यांच्या देखरेखीखाली हृदयाचा आजार असलेली एक बाई बाळंतपणात दगावली. ते त्यांच्या मनाला लागलं. मग त्यांनी वर्षानुवर्षं रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. हृदयात आवाज असलेली कितीतरी माणसं कामधंदा करून म्हातारी झालेली त्यांना दिसली. ते सांगू लागले, नुसत्या आवाजावर जाऊ नका. श्रम केल्यावर हृदय कसं पेलतं ते बघा.

पुढे 1953 साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय तपासलं. आजची टू-डी इको तिथूनच आली. झडप किती अरुंद आहे, किती गळते, हे आता मोजता येतं.

दोन पाकळ्यांची झडप वयाबरोबर कडक होऊ शकते, कधी महाधमनीही फुगते. पण दोष सौम्य असेल तर चालण्या-खेळण्यानं तो लवकर वाढतो, असं आजवर दिसलेलं नाही. झडप फार अरुंद असेल तर मात्र जोराचा खेळ धोक्याचा. आणि श्वास रोखून जड ओझं उचललं की रक्तदाब एकदम चढतो. महाधमनी फुगलेली असेल तर ते टाळायलाच हवं. म्हणजे डॉक्टरांना खेळाबद्दल विचाराल, तेव्हा हंड्याबद्दलही विचारा.

त्या मुलीची इको झाली. दोष सौम्य निघाला. आता ती खो-खो खेळते, आणि पाणी भाऊ आणतो.

2013 साली आपल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं. त्या दिवशी लेकरांना घरी ठेवू नका. दोष निघाला तर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी करा, कारण झडप वर्षांनुसार बदलते. धावताना भोवळ आली, छातीत दुखलं किंवा फार दम लागला, तर खेळ थांबवून लगेच दवाखाना गाठा.

लेकीला घरात बसवण्याआधी तिची झडप मोजून घेऊया.