कापसाच्या पोटची रायफल

हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन आणि रे रोड ही लागून असलेली स्टेशनं. लालबागहून काळाचौकीकडे उतरलं की एकीकडे कापसाच्या वखारी, पुढे दारूखाना. आज तिथे जहाजं मोडतात, पण नाव बंदुकीच्या दारूच्या कोठाराचं. अर्धस्वयंचलित रायफलचं कूळ मला या शेजारातच दिसतं: तिची आई कापूस.

ठासणीची बंदूक, कागदी काडतूस, मग पितळी काडतूस हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. खरी गोष्ट 1846 सालची. बाझलच्या रसायनशास्त्रज्ञ शोनबाइनने कापूस नत्राम्ल आणि गंधकाम्लात बुडवून स्फोटक केला. बायकोच्या ॲप्रनने सांडलेलं आम्ल पुसलं आणि तो भडकला, ही दंतकथा मला पटत नाही. फ्रान्सचा पेलूझ 1838 मध्येच या वाटेवर होता. शोनबाइनच्या शोधानंतर पुढच्याच वर्षी, 1847 मध्ये, इंग्लंडमधल्या फॅव्हरशॅमचा स्फोटक कापसाचा कारखाना उडाला. आम्ल नीट न धुतलेला कापूस आपोआप पेटतो. 1865 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एबलने कापसाचा लगदा करून तो पुनःपुन्हा धुण्याची रीत काढली. दारू सुरक्षित झाली ती या धुण्याने. 1884 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हिएलने त्यापासून बिनधुराची दारू बनवली.

कोणी म्हणेल, मॅक्झिमची मशीनगन तर जुन्या काळ्या दारूवरही चालली. खरं आहे, पण ते गाड्यावरचं, पाण्याने थंड ठेवलेलं धूड होतं. खांद्यावरची रायफल वेगळी. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग काजळी आणि क्षार होऊन मागे उरतो. 1885 ची मान्लिखरची स्वयंभरणी रायफल त्या किटणानेच हरली. यंत्राला स्वच्छ वायू हवा होता. तो कापसाने दिला.

म्हणून रिकामं पितळी काडतूस पुन्हा भरतानाही या कुळाचा स्वभाव ओळखावा लागतो. काळी दारू मापट्याने भरत. कापसाची दारू त्याच मापट्याने भरली तर बंदुकीची नळी फुटते. ती ग्रेनमध्ये, म्हणजे 0.0648 ग्रॅमच्या एककात, तोलतात. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये हीच दारू गोळीही फेकते आणि यंत्रही हलवते. ती कमी पडली तर गोळी नळीत अडकण्याचं भय, आणि मागून दुसरी सुटली तर नळीच फाटते. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा: फॅव्हरशॅमने शिकवलेला धडा घरच्या टेबलावर पुन्हा गिरवायचा नसतो.